देशी बनावटीची गाडी दहा-बारा वर्षं वापरल्यावरही समाधान टिकतं का?

तुम्ही विचारलंय की नव्याची नवलाई संपल्यावर देशी गाडी घेतल्याचा पस्तावा होतो का. माझ्याकडे २०१२ साली घेतलेली महिंद्रा बोलेरो आहे, दोन लाख दहा हजार किलोमीटर झालीत. पस्तावा अजिबात नाही. पण त्याचं कारण शोरूममध्ये गाडी बघताना मला दिसलं नव्हतं.

आमचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे. २०१९ च्या जुलैत एका रात्री वडिलांना संगमनेरला दवाखान्यात न्यायचं होतं. मोरीजवळचा खड्डा पाण्याखाली गेलेला. मागचं चाक त्यात आदळलं आणि पाटा, म्हणजे धक्का झेलणारी लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, मोडला. गाडी एका अंगाला कलली, तरी हळूहळू चालवत दवाखाना गाठला. सकाळी तिथल्याच एका फिटरने जवळच्या दुकानातून पाटा आणला आणि जेवणवेळेच्या आत गाडी हातात दिली. गाडी खालून बघितल्याबरोबर काय लागणार ते त्याला ठाऊक होतं. त्याच वर्षी आमच्या मेहुण्यांची महागडी परदेशी गाडी हेडलाइटच्या एका भागासाठी अठरा दिवस उभी होती. बसायला ती माझ्या गाडीपेक्षा कितीतरी आरामशीर, हे मी मनापासून मानतो. पण आमच्याकडे गाडी अठरा दिवस उभी राहून चालत नाही.

‘देशी’ कशाला म्हणायचं, यावर आमच्या पारावर बऱ्याचदा वाद होतो. महिंद्राने १९४७ मध्ये सुरुवात केली तीच अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीप जोडण्यापासून, आणि २००० मध्ये बोलेरो आली तेव्हा तिच्यातलं डिझेल इंजिन मुळात प्यूजो या फ्रेंच कंपनीचं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार होते, इथले रस्ते आणि इथलं ओझं धरून बांधलेली आहे, मला तेवढं पुरे. शिडीसारखी भक्कम चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मागे पाटे, ताकद मागच्या चाकांना. इंजिन ६३ अश्वशक्तीचंच, पण ते हळू फिरत असतानाच जोर मिळतो. माणसं आणि टोमॅटोचे क्रेट भरून चंदनापुरीचा घाट चढताना ते कळतं.

खर्च म्हणाल तर दर दहा हजाराला ऑइल आणि फिल्टर, क्लच प्लेट एकदा, टायर तिसऱ्यांदा. लिटरला तेराच्या आसपास पडते. पाट्यांमुळे मागे बसणाऱ्याला खड्डा जाणवतो, त्यामुळे आजी कायम पुढे बसते.

एका बाबतीत मात्र स्पष्ट सांगतो. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. मुलगा चालवायला लागल्यापासून ही गोष्ट मला फार लागते. चालकासाठीची एअरबॅग नव्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. तुम्ही जुनी गाडी बघत असाल तर त्यानंतरचीच बघा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि घेण्याआधी फिटरला सोबत न्या, चेसिसला खालून गंज आहे का ते त्याला बघू द्या. वरचा रंग कुणीही मारून देतो.

२०२७ मध्ये माझ्या गाडीच्या नोंदणीला १५ वर्षं भरतील. घरचे नवी घेऊ म्हणतात. मी फेरनोंदणीसाठी तिला श्रीरामपूरच्या आरटीओत न्यायचं ठरवलंय.