‘शिंगं फुटणे’ म्हणजे नेमकं काय? नुसतं मोठं होणं का?

नुसतं मोठं होणं नाही; कालपर्यंत ऐकणारं मूल आता थोरांना उलट बोलायला, आपल्या मनाचं करायला लागलं, असा अर्थ. शब्द गोठ्यातला आहे. वासराच्या डोक्यावर कानांच्या वर आधी बोटाला जेमतेम लागेल एवढा कोंब येतो. तो वाढला की तेच वासरू ढुशी मारू लागतं. ‘कॉलेजात गेला नि शिंगं फुटली!’ यात म्हणूनच तक्रार असते. मात्र आजी नातीला लाडाने म्हणाली, तर ते कौतुकही असतं. निव्वळ वयात येण्यासाठी हा वाक्प्रचार वापरू नका. मुलग्याला तेव्हा ‘मिसरूड फुटलं’ म्हणतात. थोरांनी पोरांत मिसळणं म्हणजे ‘शिंगं मोडून वासरांत शिरणं’, तेही याच गोठ्यातलं.