मासेमारीच्या जाळ्यात आलेलं समुद्री कासव हालत नसेल तर ते मेलं असं समजायचं का?

नाही, लगेच नाही. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. ट्रॉलच्या, म्हणजे होडीमागून ओढल्या जाणाऱ्या, जाळ्यात बराच वेळ पाण्याखाली राहिलं की गुदमरून बेशुद्ध पडतं. तसंच परत टाकलंत तर मात्र बुडतं. कोकणात वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर एवढ्या मायेनं कासवांची अंडी जपतो आपण, आणि मादी अशी जावी, हे फार लागतं जिवाला.

होडीवर सावलीत पोटावर ठेवा, मागचा भाग वीतभर उंच करा म्हणजे पाणी निघेल. अंगावर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या. शुद्धीवर यायला कधी २४ तासही लागतात. सोडताना इंजिन न्यूट्रलला घ्या.

जाळं कापावं लागलं तर फोटो काढून ठेवा. वनविभागाचा कांदळवन कक्ष २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतो.