पालथा फोन

"ताई, मी ३३ वर्षांची आहे. नोकरी करते, घरात नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. सहा महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून फोनवर 'बॅलाट्रो' हा पत्त्यांचा गेम घेतला. तेव्हापासून मुलगी झोपली की मी खेळायला बसते. 'हा शेवटचा' म्हणता म्हणता दोन वाजतात. दोनदा गेम काढून टाकला, दोन्ही वेळा चार दिवसांत परत टाकला. नवरा खोलीत आला की माझा हात आपोआप फोन पालथा करतो. परवा त्याने अगदी शांतपणे विचारलं, 'रात्री कुणाशी बोलत असतेस?' मी 'कुणाशीच नाही' म्हणाले आणि कूस बदलली. पत्ते खेळते हे सांगायची लाज वाटली. पैसे लावत नाही, तरी मी जुगारी झाले का?"

प्रिय मैत्रिणी,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला सगळ्यात जास्त छळतो आहे. नाही, तू जुगारी झालेली नाहीस. हा गेम एकदाच विकत घ्यायचा असतो. त्यानंतर आत पैसे टाकायची सोयही नाही आणि बाहेर पैसे काढायचीही नाही. पोकर या पत्त्यांच्या जुगारातले हात, म्हणजे पत्त्यांच्या जुळण्या, दिसतात म्हणून गेमना वयाची अट ठरवून देणाऱ्या युरोपातल्या पेगी या संस्थेने त्याला १८ वर्षांवरच्यांचा शिक्का मारला होता, पण अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२ वर आणला. गेम बनवणारा माणूस 'लोकलथंक' या टोपणनावाने काम करतो. बॅलाट्रो कधीही कुठल्या कॅसिनोवाल्या कंपनीला विकायचा नाही, अशी अट त्याने आपल्या मृत्युपत्रात घालून ठेवली आहे. त्यामुळे 'जुगार' हा शब्द मनावरून उतरव.

पण ओढ खरी आहे. मीही हा गेम खेळते, त्यामुळे ती कुठून येते हे तुला आतून सांगू शकते.

एका डावाचं सांगते. मी बदामांवर गड्डी बांधत होते. नको ते पत्ते काढून टाकले, जमतील तेवढ्यांचे बदाम करून घेतले, आणि प्रत्येक हाताला फ्लश, म्हणजे पाचही पत्ते बदामाचे, लागू लागला. पाच पत्ते एकामागून एक उचलले जातात, प्रत्येकाबरोबर आवाजाची पट्टी चढते, आकडा फुगत जातो आणि एकाच हातात गुणांचं लक्ष्य पार झालं की त्या आकड्याला ज्वाळा लागतात. सहाव्या अँटीला, म्हणजे सहाव्या फेरीला, बॉस आला 'द हेड'. बॉस म्हणजे फेरीतला शेवटचा, अवघड टप्पा. त्याच्यासमोर बदामाच्या एकाही पत्त्याला किंमत नसते. गड्डीत सत्तर टक्के बदाम! डाव तिथेच संपला. आणि संपल्यावर मनात आलं ते 'नशीब फुटकं' असं नव्हतं. मनात आलं, 'बॉस कोण आहे ते अँटीच्या सुरुवातीलाच दिसत होतं. मी बघूनही दुर्लक्ष केलं. पुढच्या वेळी नाही करणार.' बोट 'नवा डाव' या बटणावर गेलंसुद्धा होतं.

हीच ती जागा, मैत्रिणी. हरणं आपल्याच चुकीने झालं असं वाटलं, की माणूस उठत नाही. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लॉट मशीनसारखा खेळ देऊन लोकांचं निरीक्षण केलं होतं. थोडक्यात हुकलेला डाव लोकांना साफ हरण्यापेक्षाही जास्त झोंबायचा, तरी पुन्हा खेळायची इच्छा त्यानेच वाढायची. आणि ती वाढायची ती निवड स्वतःच्या हाताने केलेली असेल तेव्हा. बॅलाट्रोत तर प्रत्येक निवड तुझ्याच हाताने होते.

शिवाय तो तुला खरोखर हुशार करत जातो, आणि हे मी कौतुकाने म्हणते. जोकर, म्हणजे गुण वाढवणारे खास पत्ते, डावीकडून उजवीकडे काम करतात हे कळलं ती रात्र तुलाही आठवत असेल. समज, हाताच्या गुणांना ज्याने गुणायचं तो गुणक १० आहे, एक जोकर त्यात ४ मिळवतो आणि दुसरा तिप्पट करतो. आधी ४ मिळवले तर ४२ होतात, आधी तिप्पट केली तर ३४. नुसता एक पत्ता बोटाने बाजूला सरकवायचा. हे एकदा उमगलं की मागचे सगळे हरलेले डाव वेगळे दिसायला लागतात. जोकर आहेत १५०, जवळ ठेवता येतात साधारण पाच. कुठले पाच हाती लागतील हे दर वेळी नवीन. १९८० मध्ये 'रोग' नावाचा संगणकावरचा खेळ आला, त्यात दर वेळी नवं भुयार असायचं आणि मेलं की पहिल्यापासून सुरुवात. या जातीच्या खेळांना रोगलाइक हे नाव त्याच्यावरूनच पडलं. तेव्हापासूनचा त्यांचा कणा हाच आहे: डावातली कमाई जाते, शिकलेलं तेवढं उरतं. म्हणून दोन वाजेपर्यंत बसणाऱ्याला वेळ वाया गेला असंही वाटत नाही. काहीतरी शिकलो असंच वाटतं, आणि ते खोटंही नसतं.

तेव्हा 'माझ्यात मनोनिग्रहच नाही' असं तुला वाटत असेल, तर ते वाक्य मी खोडते आहे. एका माणसाने फार बारकाईने, फार मन लावून बनवलेली गोष्ट तुझ्या हातात आहे आणि दिवसभरातला फक्त तुझा असा तो एकच तास आहे. त्या दोघांनी मिळून तुझी झोप खाल्ली.

आता माझी खरी काळजी. ती गेमची नाही, पालथ्या फोनची आहे.

तुझ्या नवऱ्याच्या जागी बसून बघ. बायको रात्री जागते, चेहऱ्यावर उजेड पडलेला असतो, मध्येच हसते, मध्येच ओठ चावते, आणि तो दारात आला की फोन उलटा होतो. त्याने काय समजायचं? तो ओरडला नाही, फोन हिसकावला नाही, शांतपणे विचारलं. असा प्रश्न माणूस सहजासहजी विचारत नाही. कित्येक रात्री मनात घोळवून मग विचारतो. त्याला उत्तर मिळालं 'कुणाशीच नाही' आणि पाठ. उत्तर खरं होतं, पण त्याच्यापर्यंत पोहोचली फक्त पाठ.

म्हणून आजच सांग. मुलगी झोपल्यावर, पण खेळायला बसण्याआधी. लांबण लावू नकोस, आधी माफीही मागत बसू नकोस. फोन सुलटा त्याच्या हातात दे आणि म्हण, "तू परवा विचारलंस ना, ते हे आहे. सहा महिने मी रात्री हेच खेळते. तुला सांगायची लाज वाटली." मग त्याला एक डाव खेळू दे. पहिल्या ब्लाइंडला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, फक्त ३०० गुण लागतात, त्याला जमेल. तो हसेल किंवा रागावेल. रागावला तर तो राग खेळाचा नसून सहा महिन्यांच्या संशयाचा असेल. तो ऐकून घे, मध्ये बोलू नकोस.

खेळ पुन्हा काढून टाक असं मी सांगणार नाही. दोनदा तो उपाय करून झाला आहे आणि तिसऱ्यांदा मोडला तर तुझा स्वतःवरचा उरलासुरला विश्वास जाईल. त्याऐवजी थांबायची जागा बदल. तू डाव संपला की थांबायचं ठरवतेस, आणि बहुतेक डाव हरूनच संपतात. म्हणजे ओढ सगळ्यात जास्त असते नेमकं तेव्हाच तू स्वतःला 'उठ' म्हणतेस. ब्लाइंड जिंकून खेळातल्या दुकानात आलीस की तिथे थांब. हात जिंकलेला असतो, खेळातले खोटे पैसे मिळालेले असतात, घाई कसलीच नसते. डाव आपोआप जपला जातो, उद्या तिथूनच पुढे सुरू करता येतो. पहिले तीन-चार दिवस अर्धवट सोडलेला डाव डोक्यात फिरेल, अंथरुणात जोकर मांडत बसशील. फिरू दे, त्याने झोप थोडी लांबेल, दोन वाजणार नाहीत. आणि चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर ने. गेम बाहेरच्या खोलीत बसून खेळायचा, अंथरुणात नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐक. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर चालून रोजच्या जगण्याची घडी मोडली तर डॉक्टर तो शब्द वापरतात. तुझ्या पत्रावरून तू तिथे नाहीस असं मला वाटतं, पण पत्रावरून निदान होत नाही. मुलीला शाळेत पाठवताना डोळे उघडत नसतील, कामात चुका होत असतील, किंवा खेळ नसला की जीव कशातच लागत नसेल, तर वर्ष भरायची वाट बघू नकोस. समुपदेशकाकडे जा, आणि जाताना नवऱ्याला बरोबर ने.

महिन्याभराने मला पुन्हा लिही. त्याने पहिल्या डावात कुठला जोकर घेतला तेही कळव.

तुझी,
ताई