शेतीच्या जुन्या संग्रहालयात नेमकं काय बघावं?

तुम्ही विचारलंय की जुन्या शेतावर उभं केलेलं संग्रहालय बघायला जातोय, पण शेतीतलं काही कळत नाही, मग गंजलेली अवजारं बघून हाती काय लागणार?

शेती कळत नसली तरी अडत नाही. फक्त नाव आणि साल वाचून पुढे सरकू नका. वस्तू कुठे झिजली आहे ते शोधा. विळ्याच्या मुठीवर अंगठा टेकायची जागा खोलगट झालेली असते. जुवाची खालची बाजू बैलांच्या मानेनं घासून तुकतुकीत होते. आणि डागडुजी तर हमखास बघा. एका दाताळ्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. त्याचे सगळे दात काळपट, दोन मात्र वेगळ्या लाकडाचे, चाकूनं तासून बसवलेले. फलकावर त्याबद्दल अक्षरही नव्हतं. मला मात्र ऐन हंगामात दात मोडल्यावर झालेला खोळंबा तिथे दिसला.

युरोपातलं संग्रहालय असेल तर मळणीच्या दालनात जास्त वेळ द्या. लांब दांड्याला चामड्याच्या वादीनं आखूड दांडा जोडलेला दिसेल. तो कणसांवर आडवा पडावा म्हणून ही वादी. या झोडपणीवर मजुरांचा हिवाळा निघायचा. १७८६च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मीकलनं मळणीयंत्र बनवलं, आणि १८३० साली इंग्लंडमधल्या शेतमजुरांनी अशी यंत्रं फोडली, कारण हिवाळ्याची मजुरी बुडत होती. दांडा आणि यंत्र एकाच दालनात असतील तर दोन्हींकडे आळीपाळीनं बघा.

घरं, कोठारं मूळ जागीच आहेत की दुसरीकडून आणलीत, हेही विचारा. स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात त्याचे संस्थापक आर्टूर हाझेलियस यांनी १८९१ पासून गावोगावची घरं आणून पुन्हा उभी केली. लाकडी सांगाड्याच्या सांध्यांवर कोरलेल्या रेघा दिसल्या तर त्या बहुतेक वेळा सुतारांच्या खुणा असतात, कुठली तुळई कुठे बसवायची याच्या.

प्रात्यक्षिकाची वेळ आधी विचारून ठेवा. तिथल्या वयस्कर माणसाला 'तुम्ही हे वापरलंय का?' असं जरूर विचारा. 'हो' म्हणाले, तर फलक राहू द्या आणि त्यांच्याजवळ बसा.