काकांची अकॉर्ड की नवी स्विफ्ट?

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काकांनी देऊ केलेली २०१० ची होंडा अकॉर्ड ठेवावी की कर्ज काढून नवी स्विफ्ट घ्यावी, या तुझ्या प्रश्नावर मी बराच विचार केला, कारण या गाडीतून तुझे आईवडीलही फिरणार आहेत.

क्रॅश टेस्टमध्ये, म्हणजे धडक-चाचणीत, सुरक्षेसाठी मिळालेले तारे पाहून छोटी गाडी अधिक सुरक्षित, असे लगेच धरून चालू नकोस. त्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. समोरून तिच्या दीडपट वजनाचे वाहन आले तर काय होईल, हे त्यातून कळत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने अकॉर्ड आणि होंडाचीच छोटी फिट, म्हणजे आपल्याकडची जॅझ, समोरासमोर धडकवल्या, तेव्हा अडथळ्याच्या चाचणीत उत्तम ठरलेल्या फिटला सर्वांत खालचा शेरा मिळाला. वजनाचा आधार खराच असतो.

मात्र जुन्या गाडीचे रबर थकलेले असेल, तर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ते वजनच ब्रेकवर भारी पडते. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच. तिथे २३१८ असेल, तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे आणि नक्षी खोल दिसली तरी त्याची पकड गेलेली असू शकते. ब्रेकचे होज म्हणजे रबरी नळ्या, सस्पेन्शनचे बुश म्हणजे सांध्यांतले धक्के झेलणारे रबर आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी न बनलेले इंधनाचे पाइप मिस्त्रीकडून तपासून घ्यावे लागतील. पंधरा वर्षे उलटल्यामुळे फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच.

मायलेजवर मात्र निर्णय घेऊ नकोस. महिन्याला हजार किलोमीटर धरले, जुनीने लिटरला ९ आणि नवीने १६ किलोमीटर दिले, तरी सुमारे ४९ लिटर, म्हणजे पाचएक हजार रुपये वाचतील. तेवढ्यात नव्या गाडीचा हप्ता भागणार नाही.

तरीही माझे मत स्विफ्टच्या बाजूने आहे. ओल्या रस्त्यावर गाडी घसरू लागताच एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा आणि सहा एअरबॅग २०२४ च्या स्विफ्टमध्ये अगदी खालच्या मॉडेललाही आहेत. शिवाय सदाशिव पेठेतल्या तुमच्या बोळात जवळजवळ पाच मीटरची अकॉर्ड रोज वळवणे तुझ्या वडिलांना जमणार नाही. बुकिंगआधी आईला मागच्या सीटवर बसवून ट्रायल घे आणि गुडघ्यांना जागा पुरते का, हे तिलाच विचार.