डोंगरातली सायकल आणि मासिकातलं लेखन : साताऱ्याच्या एका आईला उत्तर

साताऱ्याहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या पतसंस्थेत नोकरीला आहेत, मुलीचे वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात. मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. अकरावीपासून ती पहाटे माउंटन बाइक घेऊन यवतेश्वरचा घाट चढते, रविवारी कास, बामणोलीकडे जाते आणि आल्यावर लिहीत बसते. एका दैनिकाच्या पुरवणीत तिचे दोन लेख छापूनही आले. आता ती म्हणते, ‘कॉलेज सोडते. सायकलिंगच्या मासिकांसाठी लिहिणं हेच माझं काम.’ तिच्या नावाने साठवलेल्या पैशांतून तिला एक लाख ऐंशी हजारांची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) सायकल हवी आहे. आई विचारतात : याला करिअर म्हणायचं का? ही माणसं दिवसभर नेमकं काय करतात? पोटापुरतं मिळतं का? मुलीने डोंगरात एकटीने फिरावं का? आणि सायकल घेऊन द्यावी का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी तुमच्या लेकीचं कौतुक वाटलं. एवढ्या पहाटे घाट चढणारी पोरं साताऱ्यात पुष्कळ आहेत. २०१२ पासून हिल मॅरेथॉन सुरू झाली आणि तो रस्ता पहाटेही जागा असतो. पण वर जाऊन आल्यावर वही उघडणारी मुलं फार थोडी. म्हणून माझं मत आधीच सांगतो : तिला लिहू द्या, पदवी मात्र पुरी करायला लावा, आणि ती सायकल यंदा घेऊ नका. आता का, ते सांगतो.

तिला माउंटन बाइकिंगचा, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याच्या या खेळाचा, जन्म कसा झाला ते ठाऊक असेल, तुम्हालाही असावं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, माउंट टॅमलपायसच्या परिसरात, १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावत. १९७६ साली सुरू झालेल्या तिथल्या शर्यतीचं नाव ‘रिपॅक’. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, असायचा. उतरताना तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि दर फेरीनंतर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून हे नाव. ती शर्यत भरवणाऱ्यांत चार्ली केली नावाचा एक जण होता. १९८० साली त्याने आणि डेनिस कॅरामॅग्नो यांनी ‘फॅट टायर फ्लायर’ हे माउंटन बाइकिंगचं पहिलं मासिक काढलं. ते १९८७पर्यंत चाललं. हा केली १९७०च्या दशकात एका रॉक बँडचं सामान वाहण्याचं, मंचावर मांडण्याचं काम करून कमवत होता. म्हणजे या क्षेत्राचा पहिला लेखकसुद्धा सुरुवातीला दुसऱ्या कामावर जगत होता. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे ते ‘कमवा आणि लिहा’ असं आहे, आणि ते काही वर्षं तसंच राहणार.

आता दिवसभर काय करतात, हा तुमचा प्रश्न. तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण मुलांच्या डोळ्यांपुढे या कामाचा जेवढा भाग असतो तो फारच थोडा असतो.

समजा, मासिकाकडे एक नवी सायकल परीक्षणासाठी आली. कंपनी ती काही आठवड्यांपुरती देते आणि परत नेते. पहिला दिवस अंगणातच जातो. सायकल वजनकाट्यावर टांगायची. धक्के झेलणारे पुढचा फोर्क आणि मागचा शॉक, यांतला प्रत्येक आपल्या वजनाखाली किती दबतो ते मोजून त्यात हवा भरायची. टायरमध्ये किती हवा आहे ते लिहून ठेवायचं, कारण दोन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इकडचे तिकडे झाले तरी तीच सायकल वेगळी वागते. मग ओळखीच्या एकाच वाटेवर नवी आणि आपली जुनी सायकल आलटूनपालटून चालवायची. वाट नवी घेतली तर जाणवलेला फरक सायकलचा की वाटेचा हे कळणार नाही. मधे मधे थांबून वहीत टिपायचं : चढावर मागचं चाक कुठे घसरलं, कोणत्या गिअरला चेन कुरकुरली, उतारावर मनगट किती वेळाने दुखायला लागलं.

फोटोचा दिवस याहून कंटाळवाणा. फोटोग्राफर वळणावर दगडाआड बसतो, रायडर चाळीस-पन्नास मीटर उतरते, तो म्हणतो ‘पुन्हा’. ती सायकल ढकलत वर जाते. ऊन सरकेपर्यंत हेच. पावसाळ्यात आपल्याकडे जांभ्याचा तांबडा चिखल ब्रेक पॅड बघता बघता खातो, चेनमध्ये वाळू भरते. म्हणजे घरी आल्यावर आधी सायकल धुणं, चेन पुसून तेल घालणं, आणि मग स्वतःची अंघोळ.

त्यानंतर टेबलाशी बसायचं. चार दिवसांच्या टिपणांतून हजार शब्द काढायचे, संपादक सातशे मागतो, तेही ठरल्या तारखेला. छापील मासिकाचं वेळापत्रक तर हंगामाच्या उलटं असतं. पावसाळ्यातल्या राइडचा लेख उन्हाळ्यात लिहून द्यावा लागतो, म्हणजे त्याची टिपणं आणि फोटो आदल्या पावसाळ्यातलेच हवेत. दिवाळी अंकाचा मजकूर गणपतीच्या आसपास, बऱ्याचदा त्याच्याही आधी मागतात. याशिवाय मेल, फोन, मानधनाची आठवण करून देणं, फोटोंना नावं देणं. हे वाचून तिचा हिरमोड होत नसेल, उलट ‘मला हे करायचंय’ असं ती म्हणत असेल, तर तिची आवड खरी आहे. मला वाटतं ती तसंच म्हणेल. लेख छापून आलेल्या पोरीने ‘सातशे शब्दांत बसव’ हे एकदा तरी ऐकलेलं असतंच.

पोटापुरतं मिळतं का? फक्त मासिकांत माउंटन बाइकिंगवर लिहून मराठीत घर चालत नाही. इंग्रजीतही अवघड आहे. ‘डर्ट रॅग’ हे अमेरिकेतलं जुनं, मानाचं मासिक १९८९ला निघालं आणि २०२०ला बंद पडलं. कागदावरचं काम आटलं, ते फोनच्या पडद्यावर आणि व्हिडिओत गेलं. म्हणून ‘मासिकाची लेखिका’ हा एकच पगार धरून हिशेब मांडू नये. ज्यांचं नीट चाललं आहे ते तीन-चार कामं एकत्र करतात : कुठे लेखन, कुठे सायकल कंपनीसाठी मजकूर आणि माहितीपत्रकं, सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना डोंगरात नेणं, थोडी फोटोग्राफी, एखाद्या सायकल दुकानात अर्धवेळ काम. स्पर्धांचं वार्तांकनही आहे. माउंटन बाइकिंग १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०२३ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा आपल्याच देशात, केरळात पोनमुडीला झाली. अशा शर्यतीत रायडरने अमुक चढावर सायकल खांद्यावर का घेतली, हे मराठीत नीट लिहायला स्वतः घाट चढलेला माणूस लागतो.

पैशांबाबत एक गोष्ट तिला आत्ताच बजावून सांगा. पुढे कंपन्या सायकली, कपडे, हेल्मेट फुकट देऊ लागतात आणि बदल्यात गोड परीक्षण मागतात. एखादा बाप साठ हजार साठवून पोराला सायकल घेतो, तेव्हा तो परीक्षण लिहिणारीच्या शब्दावर विसंबलेला असतो. वस्तू फुकट मिळाली असेल तर लेखात तसं स्पष्ट लिहायचं, आणि ब्रेक वाईट असेल तर वाईटच लिहायचं. यात सवलत नाही.

आता कॉलेज. ते सोडू नये असं मी म्हणतो, त्याचं एक कारण व्यवहाराचं आहे. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट असो की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आधी पदवी लागते, शाखा कोणतीही चालते. एक-दीड वर्षासाठी ही दारं बंद करून घेण्यात काय अर्थ आहे?

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ती वनस्पतिशास्त्र शिकते आणि कासच्या वाटेवर सायकल चालवते! हा योग किती जणांच्या वाट्याला येतो? पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासला २०१२ साली जागतिक वारशात जागा मिळाली. त्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम थर आहे. पावसात तिथे पाणी साचतं, आणि त्या साचलेल्या पाण्यावर गेंद, सीतेची आसवं, वायतुरा यांचं सगळं जगणं अवलंबून. वायतुऱ्याच्या एका जातीच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे. अशा ठिकाणी सड्यावर सायकल घातली की टायरची चाकोरी पडते, पाणी त्या चाकोरीने वाहून जातं आणि आजूबाजूचा थर सुकतो. सायकल कुठे चालवावी आणि कुठे उतरून डांबरी रस्त्यानेच जावं, हे अधिकाराने सांगणारी लेखिका आपल्याला हवी आहे. नवीन सायकलचं वर्णन पुण्या-मुंबईचे दहा जण करतील. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखालचा सडा, मेढ्याकडच्या गुराख्यांच्या वाटा, वणव्यानंतर काळा पडलेला उतार, ऊस तुटल्यावर मोकळी होणारी पाणंद, याबद्दल तिच्यासारखं लिहिणारं मला तरी कुणी दिसत नाही. तिला म्हणावं, प्राध्यापकांना या विषयावर प्रकल्प मागून घे. अभ्यास आणि लेख एकाच फेरीत होतील.

सुरक्षिततेची तुमची काळजी रास्त आहे, पण ती मुलगी आहे म्हणून जेवढी आहे तेवढीच मुलगा असता तरी असायला हवी होती. बामणोलीच्या बाजूला फोनला रेंज जाते, जंगलात गवे आहेत, आणि पडल्यावर हासळीचं हाड (कॉलरबोन) मोडणं सायकलवाल्यांत नेहमीचं आहे. तेव्हा डांबरी घाटात एकटी गेली तर चालेल, आडवाटेला सोबत हवीच. कुठून जाणार, किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवायचं. अभयारण्य किंवा राखीव वनात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. प्रथमोपचाराचं रीतसर शिक्षण तिने याच सुट्टीत घ्यावं. पुढे पाहुण्यांना घेऊन जायचं झालं तर ते लागणारच आहे. अपघात विमा काढताना साहसी खेळ त्यातून वगळले आहेत का, ती ओळ वाचून मगच सही करा.

सायकलचं सांगतो. तिच्याकडे हार्डटेल (फक्त पुढच्या बाजूला धक्के झेलणारी सायकल) आहे, असं तुम्ही लिहिलंय. यवतेश्वर, पाटेश्वर आणि पाणंदींसाठी ती अजून दोन वर्षं पुरेल. महागडी सायकल घेतल्याने लेख चांगला होत नाही, आणि परीक्षणाच्या सायकली कंपन्याच देतात. त्यापेक्षा सुट्टीत तिला एखाद्या चांगल्या सायकल दुकानात उमेदवारी करू द्या. रिमचा आउट (वाकडेपणा) काढणं, हबचे छर्रे धुऊन ग्रीस भरणं, गिअर लावणं हाताने केलं की सायकलबद्दलचं तिचं प्रत्येक वाक्य भक्कम होईल. नवं हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याची पॅड आणि थोडी हत्यारं एवढंच यंदा घ्या. जमलं तर जुना पण चांगला कॅमेरा. बाकी रक्कम तशीच राहू द्या. पत्रकारितेला गेली तर पुण्या-कोल्हापूरच्या राहण्याखाण्याला उपयोगी पडेल.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मानधन देणारं बरंचसं काम इंग्रजीत आहे, म्हणून तिने रोज इंग्रजी वाचावं आणि महिन्याला एक लेख इंग्रजीत लिहावा. मात्र मराठी लेखाचं भाषांतर करून नको, त्याच राइडवर नव्याने विचार करून. मराठी सोडू नये. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा अजून चालू आहे आणि त्या अंकांचे संपादक वेगळा विषय शोधत असतात. आत्तापासून तिने महिन्याला एक पूर्ण लेख करावा, छापून येवो न येवो, आणि त्यातला सर्वांत सरस लेख जूनमध्ये दोन-तीन दिवाळी अंकांकडे पाठवावा. सोबत छोटं पत्र आणि चार स्वच्छ फोटो. एकाच वेळी सगळ्यांकडे पाठवत असेल तर पत्रात तसं कळवावं, संपादकांना ते आवडतं.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर तिच्याजवळ बारा-पंधरा लेख आणि पदवी असेल. तेव्हा तुम्ही तिघं एकत्र बसून पत्रकारिता, नोकरी की आणखी काही, ते ठरवा. त्याआधी तिला काही विचारायचं असेल तर तिने स्वतः मला लिहावं, सोबत कासवरचा एक लेख जोडून. मी वाचून उत्तर देईन.