क्युबातली 'उसुफ्रुक्तो'ची जमीन : भाडेपट्टा म्हणावं की भोगवटा?

प्रश्न असा आहे : क्युबाच्या शेतीबद्दल लिहिताना 'उसुफ्रुक्तो' हा स्पॅनिश शब्द सारखा येतो. सरकार पडीक जमीन या पद्धतीने शेतकऱ्याला देतं. मराठीत 'भाडेपट्टा' लिहिलं तर चालेल, की 'भोगवटा' बरा?

'भाडेपट्टा' टाळा. पट्टा म्हटला की खंड आलाच, आणि इथे खंड नाही. २००८ साली २५९ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने पडीक सरकारी जमीन वाटायला काढली, तेव्हा घेणाऱ्यावर जमीन वापरण्याचा कर बसवला; भाडं ठेवलं नाही. कल्पना मूळची रोमन कायद्यातली. वस्तू वापरायची, तिचं उत्पन्न घ्यायचं, पण ती विकायची नाही की नासवायची नाही.

'भोगवटा' अर्थाला जवळ जातो, म्हणूनच जास्त घोटाळा करतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच सातबारा आठवतो. 'भोगवटादार वर्ग १' म्हणजे व्यवहारात मालकच. वर्ग २ च्या जमिनीला विक्रीसाठी परवानगी लागते, तरी ती वारसांकडे जाते आणि साधारणपणे तिला मुदत नसते. क्युबात २००८ च्या हुकूमनाम्याने व्यक्तीला मुदत दिली १० वर्षांची, पुढे वाढवून मिळण्याची सोय ठेवून. जमीन विकणं किंवा दुसऱ्याच्या हवाली करणं साफ बंद. 'भोगवटादार' वाचून कुणी वर्ग २ समजला, तर तो त्या शेतकऱ्याच्या हाती नसलेले हक्क त्याला देऊन बसतो.

'कूळ' तर अजिबात नको. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रातल्या कुळांना मालकीची वाट मोकळी करून दिली. उसुफ्रुक्तोचा रस्ता मालकीकडे जातच नाही. पण हाच शब्द क्युबात दुसऱ्या एका जागी नेमका बसतो. १७ मे १९५९ च्या जमीन सुधारणा कायद्याने खंडाने आणि बटईने कसणाऱ्यांना जमीन मालकीहक्काने दिली. ते आपल्या 'कसेल त्याची जमीन'चंच रूप. त्या वेळच्या छोट्या मालकांपैकी बऱ्याच जणांची कुटुंबं आजही मालक आहेत. म्हणजे एकाच गावात एक शेतकरी मालक, शेजारचा उसुफ्रुक्तोवर कसणारा आणि पलीकडे सहकारी शेत असं चित्र असतं. तिघांना सरसकट 'सरकारी जमीन कसणारे' लिहिलं की क्युबाची शेती कळतच नाही.

माझं मत : कायद्याच्या मजकुरात 'फलोपभोग' हा रुळलेला कायदेशीर शब्द घ्यावा. वर्तमानपत्री लेखात 'मुदतीने कसायला दिलेली सरकारी जमीन' एवढं पुरे, पुढे नुसतं 'कसण्याचा हक्क'. 'वहिवाट' सुचवली जाते, पण वहिवाट वापराने सिद्ध होते. इथे आधी कागद, मग नांगर.

आकड्यांबद्दल एक सूचना, कारण भाषांतरात इथे हमखास चूक होते. जमीन नसलेल्याला २००८ मध्ये जास्तीत जास्त १३.४२ हेक्टर मिळत. हा विचित्र अपूर्णांक म्हणजे क्युबातलं जुनं माप, एक कबाय्येरिया, सुमारे ३३ एकर. २०१८ च्या ३५८ क्रमांकाच्या हुकूमनाम्यात मर्यादा २६.८४ झाली, म्हणजे दोन कबाय्येरिया, आणि मुदत २० वर्षं. १९५९ मध्येही एका कुटुंबाला देण्याचं किमान क्षेत्र दोन कबाय्येरियाच धरलं होतं. '१३ हेक्टर' असं गोल केलंत तर हा धागा तुटतो. एकरात सांगायचं असेल तर कंसात सांगा, मूळ आकडा ठेवा.

मुदतीचा शब्द गाळू नका, कारण शेतकऱ्याचं वागणं तिथेच ठरतं. मिळालेली जमीन बऱ्याचदा मराबू या काटेरी झुडपाने भरलेली. ते कोयत्या-कुऱ्हाडीने तोडायचं, तरी मुळापासून पुन्हा फुटतं. रान साफ करण्यातच पहिली वर्षं जातात, आणि २००८ च्या १० वर्षांच्या हिशेबात आंबा किंवा नारळ लावायला कोण धजणार होतं? शेतावर घर बांधायचीही मुभा नव्हती. २०१२ च्या ३०० क्रमांकाच्या हुकूमनाम्याने ती दिली, पण बांधकामाला क्षेत्राच्या १ टक्का, म्हणजे एका कबाय्येरियामागे जेमतेम १३ गुंठे. तेव्हा त्यातच घर, गोठा, खळं सगळं बसवावं लागे.

याच मजकुरात 'आकोपिओ' भेटेल. ठरलेला माल सरकारला सरकारी दराने घालण्याची ती व्यवस्था. तिला 'खरेदी केंद्र' म्हणून सोडून देऊ नका. तांदूळ-ज्वारीच्या आणि साखरेच्या 'लेव्ही'ची आठवण असलेल्या वाचकाला 'लेव्ही' हा शब्द बरोबर पोचतो. फरक एवढाच की आकोपिओत शेतकऱ्याशी आधी करार होतो, आणि कराराबाहेरचा माल त्याला बाजारात नेता येतो.